बांधणी : घरच्या घरी, पण जपून



आपण पुस्तकाची बांधणी म्हणतो, घराची म्हणतो, कवितेचीही म्हणतो. बडोद्यात राहणाऱ्या आपल्याला आणखी एक बांधणी ओळखीची आहे, ती कापडाची. जामनगर आणि भुज ही तिची माहेरघरे. तिचे तत्त्व सोपे आहे. इथे नक्षी रंग लावून होत नाही, रंग अडवून होते. दोरा घट्ट आवळला तिथे रंग शिरत नाही आणि तेवढा ठिपका मूळ रंगाचा राहतो. म्हणूनच कारागीर फिकटाकडून गडदाकडे जातो. पांढरे ठिपके बांधून कापड पिवळे करायचे, पिवळे राखायचे तिथे पुन्हा बांधून लाल करायचे.

हे घरी करता येते. कापड सुती घ्यावे. पॉलिस्टरवर हा रंग बसत नाही. नव्या कापडाची खळ गरम पाण्याने व साबणाने काढावी. एक लिटर पाण्यात साधारण ५० ग्रॅम सोडा ॲश विरघळवून कापड पंधरा-वीस मिनिटे भिजवावे व पिळावे. मग मुगाचे किंवा हरभऱ्याचे दाणे कापडात धरून खाली दोऱ्याचे घट्ट वेढे द्यावेत. थंड पाण्यात लागणारा रिॲक्टिव्ह रंग पाण्यात कालवून वर ओतावा, कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलसर ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी आधी गार, मग गरम पाण्याने धुऊन गाठी सोडाव्यात.

सोडा कशासाठी? हे रंग १९५६ साली बाजारात आले. ते सुताच्या धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जातात, म्हणून धुऊनही टिकतात. हा बंध जुळायला पाणी पुरेसे अल्कधर्मी लागते. खाण्याचा सोडा त्यासाठी सौम्य पडतो. रंग धुपला की पुष्कळदा दोष सोड्याचा असतो.

आता डॉक्टर म्हणून थोडे. या रंगाचा खरा धोका कोरड्या भुकटीत आहे. ती श्वासावाटे गेल्यास काहींना ॲलर्जी जडते, आणि असे रंग हाताळणाऱ्या कामगारांना दमा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय ग्रंथांत आहेत. एकदा ॲलर्जी जडली की पुढे चिमूटभर भुकटीही पुरते. म्हणून रंग कालवताना पंखा बंद ठेवावा, ओल्या वर्तमानपत्रावर काम करावे, नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क व हातांत रबरी मोजे घालावेत. सोडा कातडीला व डोळ्यांना झोंबतो, हेही लक्षात असू द्यावे. दमेकऱ्यांनी भुकटीपासून लांबच राहावे. मुलांना गाठी बांधू द्याव्यात. रंग मोठ्यांनी कालवावा. या कामाची पातेली व चमचे पुन्हा स्वयंपाकात आणू नयेत.

‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हेही खरे नाही. हळद, डाळिंबाची साल, तुरटी ठीक. पण रंग पक्का करण्यासाठी मोरचूद वापरतात ते विषारी आहे. शिवाय हळदीचा रंग उन्हात लवकर उडतो.

गाठ सैल राहिली तर कापड पुन्हा रंगवता येते. छातीत गेलेली भुकटी मात्र धुऊन काढता येत नाही. तेवढे सांभाळले, तर सुट्टीतली एक दुपार नातवंडांबरोबर गाठी बांधण्यात जरूर घालवावी.