चर्चच्या सावलीतील विद्यापीठ आणि आपली मुले

बारावीचा निकाल जवळ आला की आपल्या घरांतून पुढच्या शिक्षणाची चर्चा सुरू होते. अलीकडे या चर्चेत परदेशाचे नाव सहज येते. अमेरिकेतील विद्यापीठांची यादी समोर आली की तिच्यात सेंट अमुक, लोयोला, जॉर्जटाऊन, व्हिलानोव्हा अशी नावे दिसतात आणि घरातील मोठी माणसे थबकतात. "हे तर पाद्र्यांचे कॉलेज! तिथे आपल्या मुलीच्या नमाजचे, रोजाचे, खाण्यापिण्याचे काय?"

हा प्रश्न रास्त आहे. तो हसण्यावारी नेऊ नये, तसेच त्याचे उत्तर ऐकीव माहितीवरही देऊ नये. म्हणून या महिन्यात आम्ही अशाच एका मध्यम आकाराच्या कॅथलिक विद्यापीठाची ओळख करून देत आहोत. त्याचे नाव व्हिलानोव्हा. ८ मे २०२५ रोजी पोप म्हणून निवडले गेलेले लिओ चौदावे हे याच विद्यापीठाचे विद्यार्थी. १९७७ साली त्यांनी इथून गणिताची पदवी घेतली. तेव्हापासून हे नाव जगभर पोहोचले आहे.

शहराच्या वेशीबाहेर

पेन्सिल्व्हेनिया राज्यातील फिलाडेल्फिया हे अमेरिकेतील मोठ्या शहरांपैकी एक. त्याच्या पश्चिमेला सुमारे १२ मैलांवर, म्हणजे १९ किलोमीटरवर, हे विद्यापीठ आहे. लोकल रेल्वेचे स्टेशन विद्यापीठाच्या अंगणातच म्हणावे इतके जवळ. शहर हाताशी, पण शहराचा गोंगाट दूर.

पदवीचे शिक्षण घेणारे विद्यार्थी सुमारे सात हजार आणि सगळे मिळून दहा हजारांच्या आसपास. आपल्याकडे एकेका विद्यापीठाशी लाखो विद्यार्थी जोडलेले असतात. त्या मानाने हे एखाद्या मोठ्या गावाएवढे. पदवीचे बहुतेक विद्यार्थी पहिली काही वर्षे वसतिगृहातच राहतात. त्यामुळे वर्ग, जेवण, खेळ, मैत्री आणि भांडण, सगळे एकाच आवारात घडते. आवाराच्या मधोमध दोन उंच मनोरे असलेले चर्च आहे. कुठूनही आले तरी आधी तेच नजरेस पडते.

जळालेल्या चर्चची गोष्ट

ही संस्था १८४२ साली ऑगस्टिनियन पंथाच्या धर्मगुरूंनी सुरू केली. आज कॅथलिक समाज अमेरिकेत प्रतिष्ठित आहे. परंतु त्या काळी तो गरीब, स्थलांतरित आणि संशयित अल्पसंख्य समाज होता. आयर्लंडहून आलेल्या या लोकांची निष्ठा देशाशी नसून रोमच्या पोपशी आहे, असे उघड बोलले जाई. सरकारी शाळांत बायबलची कोणती प्रत वाचावी यावरून वाद पेटला. कॅथलिकांना शाळेतून बायबलच हद्दपार करायचे आहे, अशी अफवा पसरली.

मे १८४४ मध्ये फिलाडेल्फियात दंगल झाली. घरे जळाली, माणसे मेली. ८ मे रोजी जमावाने सेंट ऑगस्टीन चर्च पेटवून दिले. त्यातील ग्रंथसंग्रहही राख झाला. ज्या पंथाचे हे चर्च, त्याच पंथाने दोन वर्षांपूर्वी व्हिलानोव्हाची शाळा काढली होती. चर्च पुन्हा उभारण्याच्या खर्चात शाळेचा पैसा संपला आणि १८४५ मध्ये ती बंद करावी लागली. पुढच्या वर्षी ती पुन्हा उघडली. १८५७ मध्ये परत बंद पडली आणि १८६५ मध्ये परत सुरू झाली.

या लोकांनी शहराच्या प्रशासनावर दावा लावला. संरक्षण देण्यात कसूर झाली म्हणून भरपाई मागितली आणि मिळवलीही. एकीकडे कायद्याची वाट, दुसरीकडे शाळा. ते या दोन्ही वाटांनी चालत राहिले. १९५३ मध्ये संस्थेला विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि १९६८ मध्ये सर्व शाखा मुलींसाठी खुल्या झाल्या.

आपल्या वाचकांना या गोष्टीचा अर्थ वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

दिवस कसा जातो

पहिल्या वर्षाला प्रत्येक विद्यार्थ्याला 'ऑगस्टीन अँड कल्चर सेमिनार' नावाचा वर्षभराचा विषय घ्यावाच लागतो. इंजिनीअरिंगचा असो, नर्सिंगचा असो वा कॉमर्सचा, सुटका नाही. छोट्या वर्गात गोल बसून जुनी-नवी पुस्तके वाचायची, त्यांवर बोलायचे आणि भरपूर लिहायचे, अशी ही पद्धत. पाठांतराने पुढे आलेल्या आपल्या मुलांना सुरुवातीला हेच सर्वांत अवघड जाते. "तुझे मत काय?" असे सरांनी विचारल्यावर काय बोलावे, ते सुचत नाही.

याशिवाय तत्त्वज्ञान, नीतिशास्त्र आणि धर्मविचार हे विषयही अभ्यासक्रमात आहेत. इथे पालकांनी एक फरक नीट समजून घ्यावा. धर्मविचाराचा तास हा परीक्षेचा विषय आहे. त्यात वाचन, चर्चा आणि निबंध असतात. बाप्तिस्मा घ्या, असे कोणी सांगत नाही. रविवारी संध्याकाळी चर्चमध्ये प्रार्थना होते आणि पुष्कळ विद्यार्थी जातात, परंतु जाण्याची सक्ती नाही. वसतिगृहात मुलांनी मुलींच्या किंवा मुलींनी मुलांच्या खोलीत किती वाजेपर्यंत थांबावे, याचे नियम आहेत. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत तेवढेही बंधन नसते.

अभ्यासाबाहेरचे वेड म्हणजे बास्केटबॉल. १९८५, २०१६ आणि २०१८ या तीन वर्षी व्हिलानोव्हाच्या मुलांच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. २०१६ चा अंतिम सामना तर शेवटच्या क्षणी टाकलेल्या चेंडूने जिंकला. सामन्याच्या दिवशी आवारात दुसरा विषय नसतो.

दुसरी गोष्ट सेवेची. दर वर्षी सप्टेंबरमध्ये हजारो विद्यार्थी एक दिवस फिलाडेल्फिया परिसरात श्रमदानाला जातात. नोव्हेंबरमध्ये बौद्धिकदृष्ट्या दिव्यांग खेळाडूंच्या स्पेशल ऑलिंपिक्सचा मेळावा याच आवारात भरतो आणि त्याची सगळी व्यवस्था विद्यार्थी पाहतात. विद्यार्थ्यांनी चालवलेला जगातील सर्वांत मोठा मेळावा अशी त्याची ओळख आहे. खिदमत-ए-खल्कची शिकवण आपल्याकडेही आहे. पण ती वेळापत्रकात बसवून तरुणांकडून करून घेणे, हे शिकण्यासारखे आहे.

अल्जीरियाचा ऑगस्टीन, लाहोरचे प्राध्यापक

ज्या संत ऑगस्टीनच्या नावाने हा पंथ चालतो, तो युरोपीय नव्हता. इ.स. ३५४ मध्ये त्याचा जन्म झाला ते ठिकाण आज अल्जीरिया या मुस्लिम देशात आहे. त्याचे आजचे नाव सूक अहरास. ४३० मध्ये तो वारला ते शहर म्हणजे आजचे अन्नाबा, तेही अल्जीरियातच. उत्तर आफ्रिकेच्या मातीतला हा माणूस, आणि त्याच्या नावाने अमेरिकेत विद्यापीठ. धर्मांचे नकाशे आपण समजतो तितके सरळ नसतात.

दुसरे नाव प्रा. हाफीज मलिक यांचे. मूळ लाहोरचे मलिक व्हिलानोव्हात राज्यशास्त्र शिकवत. सर सय्यद अहमद खान आणि अल्लामा इक्बाल यांच्यावर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिले. १९७७ पासून दक्षिण आशिया आणि मध्यपूर्वेवरील एक शोधपत्रिका या विद्यापीठातून त्यांच्या संपादनाखाली निघू लागली. १९८३ मध्ये तिथे अरब आणि इस्लामी अभ्यासाचे केंद्र सुरू झाले. सर सय्यद यांच्यावर संशोधन करणारा मुसलमान प्राध्यापक कॅथलिक विद्यापीठात अनेक दशके सन्मानाने शिकवत राहिला.

यामागे चर्चच्या भूमिकेत झालेला बदलही आहे. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेने अन्य धर्मांविषयी एक जाहीरनामा काढला. एका ईश्वराची उपासना करणाऱ्या, नमाज, जकात आणि रोजे पाळणाऱ्या मुसलमानांविषयी त्यात आदर व्यक्त केला आहे आणि जुने वैर विसरून एकत्र काम करण्याचे आवाहन केले आहे. त्याचे फळ पुढे दिसले. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन या कॅथलिक विद्यापीठाने १९९९ मध्ये विद्यार्थ्यांसाठी पूर्णवेळ इमाम नेमला.

आपल्या बाजूनेही हे नाते नवे नाही. मक्केत जीव नकोसा झाला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या साथीदारांना हबशाला पाठवले. तिथला राजा नजाशी ख्रिस्ती होता. त्याच्या दरबारात हजरत जाफर (रजि.) यांनी सूरह मरयम ऐकवली आणि राजाचे डोळे पाणावले. साथीदारांनी तिथे आपला दीन लपवला नाही आणि यजमानाचा अपमानही केला नाही. परक्या मुलखात कसे राहावे याचा याहून चांगला धडा कोणता?

आपल्या मुलांची जागा

व्हिलानोव्हात मुस्लिम विद्यार्थ्यांची संघटना आहे. त्याच गावात, माँटगोमेरी अ‍ॅव्हेन्यूवर, एक इस्लामी केंद्र आणि मशीद आहे. फिलाडेल्फिया शहरात मुसलमानांची, विशेषतः आफ्रिकी-अमेरिकी मुसलमानांची, जुनी आणि मोठी वस्ती आहे. जुमा आणि ईद एकट्याने घालवण्याची वेळ तिथे येऊ नये.

एक गोष्ट मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. उपास, प्रार्थना, संयम या गोष्टी ज्या आवारात माहीत आहेत, तिथे रोजा समजावून सांगणे सोपे जाते. २०२५ मध्ये अमेरिकेत १ मार्चला रमजान सुरू झाला आणि ५ मार्चला कॅथलिकांचा लेंट. लेंटच्या शुक्रवारी कॅथलिक मंडळी मांस खात नाहीत. दोन्हीकडची मुले एकाच महिन्यात काही ना काही सोडून बसली होती. "तू का जेवत नाहीस?" या प्रश्नाला अशा ठिकाणी लांबलचक खुलासा करावा लागत नाही.

खरी परीक्षा कुठे आहे

तेव्हा भीती चर्चची नाही. खरी परीक्षा तीन ठिकाणी आहे, असे आम्हाला वाटते.

पहिली, शनिवारची रात्र. अमेरिकेत २१ वर्षांखालील मुलांना दारू विकायला कायद्याने बंदी आहे. तरीही विद्यार्थ्यांच्या पार्ट्यांत ती असते. विद्यापीठ धार्मिक असले म्हणून हे थांबत नाही. 'नको' म्हणण्याची सवय घरून घेऊन गेलेला मुलगा तिथे टिकतो. ती सवय विमानात बसवताना लावता येत नाही.

दुसरी, एकटेपणा. विद्यार्थ्यांत सुखवस्तू गोऱ्या कुटुंबांतील मुलांचे प्रमाण मोठे आहे. कपडे, सुट्ट्या, गाड्या यांच्या गप्पांत मध्यमवर्गीय मराठी मुसलमान मुलगी गोंधळून जाऊ शकते. अशा वेळी घरून येणारा फोन जर फक्त मार्क आणि नमाज यांची चौकशी करणारा असेल, तर ती मनातले बोलणार नाही.

तिसरी परीक्षा पैशाची, आणि ती आई-वडिलांची आहे. फी, राहणे, जेवण धरून वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या पुढे जातो. रुपयांत हा आकडा सत्तर लाखांच्या घरात जातो, आणि असे चार वर्षे. शिष्यवृत्ती मिळाली नाही तर शिक्षण-कर्ज येते आणि कर्जाबरोबर व्याज. मुलाच्या ताटातील मांस हलाल आहे का हे विचारणाऱ्या घराने फीचा पैसा कुठून येतो हेही तितक्याच काळजीने विचारायला हवे. याबाबत ज्यांच्यावर आपला विश्वास आहे त्या आलिमांचा सल्ला आधी घ्यावा, सही केल्यावर नव्हे. वडिलोपार्जित जमीन किंवा अम्मीचे दागिने मोडण्याआधी हेही पाहावे, की तोच विषय आपल्या देशात चांगला शिकवणारी संस्था आहे का. अनेकदा ती असते.

विचारून घ्यावे असे काही

प्रवेश-कार्यालयाला ई-मेल करून पुढील गोष्टी खुशाल विचाराव्यात. त्यात संकोच नको, अशा प्रश्नांची त्यांना सवय असते.

नमाजसाठी जागा आणि वुजूची सोय कुठे आहे? भोजनगृहात हलाल जेवण रोज मिळते की मागणी करावी लागते? रमजानमध्ये सहरीचा डबा मिळेल का? ईदच्या दिवशी परीक्षा आली तर काय करायचे? वसतिगृहात मुलीला मुलींच्याच मजल्यावर खोली मिळेल का? परदेशी विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती किती आणि ती चारही वर्षे चालू राहते का?

लेखी उत्तर मिळाल्याशिवाय पैसे भरू नयेत. आणि मुस्लिम विद्यार्थी संघटनेतील एखाद्या मुलाशी किंवा मुलीशी आपल्या पाल्याला स्वतः बोलू द्यावे. माहितीपत्रकात जे नसते ते त्या बोलण्यात मिळते.

आपल्या संस्थांसाठी एक आरसा

मुंबईत १८६९ मध्ये जेझुइट धर्मगुरूंनी सेंट झेवियर्स कॉलेज काढले. १८७४ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी आदींच्या पुढाकाराने अंजुमन-ए-इस्लाम उभी राहिली. आपल्या संविधानाच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे, आणि आपण तो वापरलाही आहे.

व्हिलानोव्हा पाहताना म्हणूनच एक प्रश्न आमच्या मनात राहतो. आपली मुलगी तिथे सन्मानाने राहावी, तिच्या उपासनेला जागा मिळावी, तिला कोणी परके म्हणू नये, ही आपली अपेक्षा. मग आपल्या संस्थेत शिकायला आलेल्या हिंदू, बौद्ध किंवा ख्रिस्ती मुलीलाही असेच वाटते का? तिच्या आई-वडिलांनी आपल्या प्राचार्यांना असेच प्रश्न विचारले, तर आपल्याकडे लेखी उत्तर तयार आहे का?

मुलांना कुठे पाठवायचे हे प्रत्येक घराने आपल्या ऐपतीने आणि इस्तिखारा करून ठरवावे. आणि आपल्या दारात आलेल्या परक्या मुलीला आपण कसे वागवतो, ते आपल्या संस्थांच्या विश्वस्तांनी याच वर्षी, प्रवेश सुरू होण्याआधी, एकदा बसून पाहावे.