लॅपटॉप घेताना आधी वॉट विचारा

बारावीचा निकाल लागला की सांगोल्यातून सोलापूर-पुण्याला शिकायला निघालेल्या मुलांच्या घरी लॅपटॉपचा विषय निघतो आणि ‘आय-फाइव्ह की आय-सेव्हन’ इथेच अडकतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, हे त्या हिशेबात धरलंच जात नाही. ॲपल आपल्या मॅकबुकसाठी हवेचं तापमान १० ते ३५ अंश असावं, असं लिहून देते. पत्र्याखालच्या खोलीत दुपारी ती मर्यादा कधीच मागे पडलेली असते.

गैरसमज: आय-सेव्हन म्हणजे हमखास वेगवान.

आधी नावाच्या शेवटचं अक्षर बघा. बाराव्या पिढीतला आय-७ १२७००एच मुळात ४५ वॉटचा. जोर लावला की ११५ वॉटपर्यंत जातो. आय-५ १२३५यू १५ वॉटचा, तो ५५ पर्यंत. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. बॉडी पातळ आणि पंखा लहान असेल, तर साधारण १०० अंशांच्या आसपास प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. एसीतल्या २५ अंशांऐवजी खोली ४२ अंशांवर असेल, तर सतरा अंशांची मोकळीक काम सुरू होण्याआधीच गेली. पैसे आय-सेव्हनचे मोजायचे आणि पंख्याची घरघर ऐकत बसायचं! टॅली, एक्सेल, ऑनलाइन अर्ज, स्पर्धा परीक्षेची लेक्चर्स यांना ‘यू’वाला भरपूर होतो. ऑटोकॅड किंवा व्हिडिओ एडिटिंग रोजचंच असेल तर ‘एच’ घ्या, पण मग जाड बॉडीचा, दोन पंख्यांचा घ्या.

गैरसमज: लॅपटॉप तापला की प्रोसेसर जळतो.

प्रोसेसर बहुधा सगळ्यात शेवटी जातो. तापमान हाताबाहेर गेलं तर मशीन आपोआप बंद पडतं. उन्हाळा खरा बाधतो तो बॅटरीला. लिथियम बॅटरी शंभर टक्के भरलेली आणि वर गरम, अशी महिनोन्‌महिने राहिली की तिची क्षमता झपाट्याने घटते. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय अनेक कंपन्या देतात. ती पहिल्याच दिवशी चालू करा.

गैरसमज: आकडा मोठा, म्हणजे चिप नवी.

रायझन-५ ७५२०यू २०२२ मध्ये आला, पण त्याची रचना २०१९ च्या झेन-२ ची. या मालिकेत तिसरा आकडा पिढी सांगतो. जुना लॅपटॉप घेणाऱ्यांनी तर हे बघायलाच हवं: विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते.

गैरसमज: आवाज नको असेल तर बिनपंख्याचाच घ्यावा.

२०२० च्या एम-१ मॅकबुक एअरमध्ये पंखा नाही. धूळ ओढली जाण्याचा प्रश्नही नाही. मात्र लांबलचक कामात, त्यातून उकाड्यात, तो मंदावतो. पंख्याचा विंडोज लॅपटॉपही शांत करता येतो. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ दिसत असेल तर १०० चे ९९ करा. बहुतेक मशीनमध्ये टर्बो बंद होतो, आवाज लगेच उतरतो, टायपिंगला काही फरक पडत नाही. आणि आपल्या धुळीत वर्षातून एकदा तरी जाळी साफ करून घ्या. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरायला सांगा. हवेच्या झोताने ते वाजवीपेक्षा जोरात फिरलं की बेअरिंग बिघडू शकतं.