स्टोमानंतर मिसळ आणि साबुदाण्याची खिचडी कायमची बंद?

ऑपरेशनला तीन महिने झाले, तरी ताटात रोज तोच मऊ भात आणि मुगाचं वरण. पोटावर पिशवी आली की पेशंट धास्तावतो आणि घरचे त्याहून जास्त. मग हे पथ्य संपतच नाही. बहुतेकांना त्याची गरज नसते.

ऑस्टोमीत आतड्याचं तोंड पोटावर आणून शौचासाठी वेगळी वाट केली जाते. या तोंडाला स्टोमा म्हणतात. तो मोठ्या आतड्याचा असेल तर कोलोस्टॉमी, लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा असेल तर इलिओस्टॉमी. आपली कोणती, हे आधी डॉक्टरांना विचारा. जेवणाचं बरंचसं गणित त्यावरच ठरतं.

सुरुवातीला आतड्याला सूज असते, म्हणून साधारण ६ ते ८ आठवडे कमी चोथ्याचं खायचं. पुढे डॉक्टरांनी हो म्हटलं की एका वेळी एकच नवा पदार्थ, तोही दोन-चार घास, नीट चावून. मग दोन-तीन दिवस थांबून पाहायचं. त्रास झालाच तर त्या पदार्थावर कायमची फुली मारू नका, काही आठवड्यांनी पुन्हा करून बघा.

आता मिसळ. एका वाटीत मटकी, तर्री, फरसाण, कच्चा कांदा. पोट बिघडलं तर दोष कुणाला देणार? त्यामुळे आधी नुसती मऊ शिजलेली उसळ, मग थोडा तिखटपणा, कांदा सगळ्यात शेवटी. मटकी आणि कांद्याने गॅस होतो, पिशवी फुगते, पण ते धोक्याचं नसतं.

साबुदाण्याची गोष्ट मजेशीर आहे. साबुदाणा, केळं, भात यांनी पातळ शौच घट्ट व्हायला मदत होते. अडचण असते ती खिचडीतल्या दाण्यांची. इलिओस्टॉमीत शेंगदाणे, ओलं खोबरं, मक्याचे दाणे, मशरूम न चावता गिळले तर अडकू शकतात. दाण्याचं कूट बारीक करा, तेही थोडंच.

बीट खाल्लं की पिशवीत लाल रंग दिसतो. तो रक्त समजून घाबरू नका, पण बीट खाल्लेलं नसताना लाल दिसलं तर डॉक्टरांना गाठा.

इलिओस्टॉमीत शरीरातून पाण्याबरोबर मीठही जातं. नुसतं पाणी पीत राहणं पुरत नाही. मीठ घातलेलं ताक किंवा ओआरएस लागतं. बीपी किंवा किडनीचा आजार असेल तर मिठाचं प्रमाण डॉक्टरांकडूनच घ्या.

पोटात कळा, उलट्या आणि काही तास पिशवीत काहीच न येणं, ही आतडं अडल्याची लक्षणं असू शकतात. खाणं थांबवा, जुलाबाचं औषध घेऊ नका, थेट हॉस्पिटल गाठा.

लग्नकार्याला जाताना पिशवी भरेल या भीतीने अनेक जण उपाशी निघतात. त्याने उलट गॅसच वाढतो. थोडं खाऊन, पिशवी रिकामी करून निघावं, सोबत एक जादा ठेवावी.