मुलांच्या जहाजावर आईबापांचा दिवस

आगबोटीचा प्रवास म्हटला कीं कोंकणांतील माणसाच्या डोळ्यांपुढें एके काळीं एकच चित्र उभें राही. मुंबईचा भाऊचा धक्का, वळकट्यांची रास, कडेवरचीं पोरें, आणि बंदर आलें कीं पडावांत उतरण्याची घाई. बोट हें गांवीं पोंचण्याचें साधन होतें. गांव आलें कीं तिचें काम संपे. ज्या जहाजाविषयीं येथें सांगावयाचें आहे, त्याची गोष्ट अगदीं उलट आहे. त्यावर चढणाऱ्या माणसाला कोठेंहि पोंचावयाचें नसतें. जहाज हेंच त्याचें गांव, आणि तीन-चार रात्री झाल्या कीं ज्या धक्क्यावरून तें त्याला उचलून नेतें, त्याच धक्क्यावर आणून सोडतें.

अशीं सहलीचीं जहाजें जगांत पुष्कळ आहेत. त्यांतील बहुतेकांवर जुगाराचा अड्डा असतो व त्याच्या उत्पन्नावर मालकाची भिस्त असते. १९९८ सालीं अमेरिकेंतील डिस्ने कंपनीनें ‘डिस्ने मॅजिक’ हें आपलें पहिलें जहाज पाण्यावर आणलें, तेव्हां तिनें जुगाराला त्यावर जागाच ठेविली नाहीं. जहाज मुलाबाळांच्या कुटुंबासाठीं बांधावयाचें, हा तिचा संकल्प होता. त्याच घराण्यांतील ‘डिस्ने विश’ हें जहाज २०२२ सालीं निघालें. जर्मनींतील पापेनबुर्ग येथें तें बांधलें गेलें. त्याचें टनमान सुमारें १,४४,००० आहे. हें वजन नव्हे. जहाजाच्या पोटांतील बंदिस्त जागेचें तें माप आहे. त्यावर १,२५४ खोल्या असून, सुमारें ४,००० उतारू आणि दीड हजारांवर नोकरमाणसें राहूं शकतात. म्हणजे एक भरलेलें गांवच म्हणावयाचें.

ह्या गांवांत सारी व्यवस्था मुलांच्या नजरेनें केलेली. भोंगा वाजला तरी तो १९४० सालच्या ‘पिनोकिओ’ चित्रपटांतील गाण्याच्या सुरांत वाजतो. मग मुलांबरोबर जे आईबाप येतात, त्यांच्या वांट्याला काय येतें? मुलांच्या जत्रेंत दोन प्रौढ माणसांना एकमेकांसाठीं म्हणून एक दिवस मिळूं शकतो काय? आणि मिळत असेल तर तो कोणत्या युक्तीनें, व कोणाच्या श्रमानें?

त्यासाठीं एक जोडपें कल्पावें. ओहायोसारख्या, समुद्रापासून दूर असलेल्या राज्यांतलें. नवरा रात्रपाळीचा, बायको दिवसाच्या नोकरीची. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी पांच वर्षांची. दोघांची भेट व्हावयाची ती बहुधा दारांत, एकानें मोटारीची किल्ली दुसऱ्याच्या हातीं देतांना. भांडण नाहीं, तंटा नाहीं. पण बोलणें म्हणून जें असतें तें कित्येक महिन्यांत झालेलें नाहीं. पैसे सांठवून हें कुटुंब फ्लॉरिडांतील केनॅव्हरल बंदरावर येतें आणि जहाजावर चढतें.

चढल्यावर प्रथम करमणूक नसते, कवाईत असते. आपत्तीच्या वेळीं कोणीं कोठें जमावयाचें, जीवरक्षक जाकीट कसें घालावयाचें, हें प्रत्येक उतारूला दाखविलें जातें. १९१२ सालीं ‘टायटॅनिक’ बुडालें. त्यानंतर १९१४ सालीं सागरी सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१२ च्या जानेवारींत इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा काँकॉर्डिआ’ खडकावर आदळून कलंडलें, तेव्हां पुष्कळ उतारूंची कवाईत व्हावयाचीच होती. म्हणून २०१५ पासून नियम असा झाला कीं, ती जहाज सुटण्यापूर्वीं किंवा सुटतांच व्हावी. ह्या कवाइतींत मुलांचें लक्ष मात्र जीवनौकांच्या रंगाकडे असतें. अशा नौका सामान्यतः नारिंगी असतात. ह्या कंपनीनें मिकी माऊसच्या जोड्यांसारखा पिवळा रंग देण्याची परवानगी मिळविली. खेळ आणि काळजी हीं दोन्हीं एकाच होडींत बसलेलीं दिसतात.

जहाजावर निशाण बहामा देशाचें असतें. परदेशी जहाजानें वाटेंत परदेशचें बंदर न घेतां केवळ अमेरिकन बंदरांमधूनच उतारूंची ने-आण करूं नये, असा १८८६ सालचा अमेरिकेचा कायदा आहे. त्यामुळें बहामाचें नासाव बंदर, किंवा कंपनीनें त्याच देशांत भाडेपट्ट्यानें घेतलेलें कॅस्टअवे के हें बेट, सहलींत येतें. त्या बेटावर एके काळीं चोरटा व्यापार करणाऱ्यांची विमानें उतरत. त्याच धांवपट्टीवरून आज उतारू फिरावयास जातात.

परंतु आपल्या जोडप्याचा खरा दिवस बेटावरचा नव्हे; ज्या दिवशीं जहाज कोणत्याहि बंदराला लागत नाहीं, तो भर समुद्रांतला दिवस.

त्या दिवसाची सोय खोलींतच सुरू होते. बहुतेक खोल्यांत न्हाणीघराचे दोन भाग केलेले असतात. एकांत शौचकूप व हात धुण्याची जागा, दुसऱ्यांत स्नानाची. एक मूल दात घांसत असतां दुसऱ्याला आंघोळ घालतां येते. मोठ्यांचा पलंग व मुलांची निजण्याची जागा ह्यांमध्यें जाड पडदा असतो. वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या ह्या गोष्टींत घर चालविणाऱ्या माणसाचा अनुभव आहे. सकाळची निम्मी चिडचिड एका वाढीव दारानें वांचते.

न्याहारी झाल्यावर आईबाप मुलांना घेऊन दुसऱ्या मजल्यावरील बालगृहांत जातात. तिसऱ्या मजल्याच्या मोठ्या दिवाणखान्यांतून तेथें उतरण्यासाठीं एक घसरगुंडीहि केलेली आहे. जागा खालच्या मजल्यावर असण्याचा एक फायदा आहे. जहाज लाटेवर झुलतें तें झोंपाळ्याच्या फळीसारखें. टोंकांस व उंचावर हेलकावा अधिक, तर खालीं आणि मध्याजवळ कमी. लहान मुलांचें पोट तेथें कमी ढवळतें.

प्रवेशद्वारीं प्रथम हात धुणें. जहाजासारख्या कोंडलेल्या वस्तींत ओकाऱ्या-जुलाबांची सांथ झपाट्यानें पसरते, म्हणून ह्या नियमांतून कोणाहि मुलाची सुटका नाहीं. मग मनगटावरचा पट्टा. त्यावरून मूल आंत आहे कीं बाहेर गेलें, ह्याची नोंद राहते. आणि शेवटीं एक संकेतशब्द. मुलाला नेण्यास येणाऱ्यानें तो सांगितला पाहिजे. फार लहान, म्हणजे तीन वर्षांच्या आंतील मुलांसाठीं पाळणाघर निराळें असून त्याचे तासांप्रमाणें पैसे पडतात.

मुलगा मागें न पाहतां घसरगुंडीवरून निघून जातो. मुलगी आईचें बोट धरून उभी राहते, आणि मग तीहि जाते.

ह्यापुढचा तास दिवसांतला सर्वांत अवघड. आईबाप जहाजाच्या मागच्या टोंकास, वरच्या मजल्यावर येतात. तेथला तलाव अठरा वर्षांखालील कोणासहि खुला नाहीं. मधल्या तलावांवरचा गलबला तेथें पोंचत नाहीं. समोर पाण्यावर जहाजानें पाडलेली पांढरी वाट तेवढी दिसते. दोघें खुर्च्यांवर बसतात, आणि बाई दर पांच मिनिटांनीं फोन पाहते. बालगृहांतून निरोप यावयाचा तो फोनवरच येतो. नवरा पुस्तक उघडतो, पण पान उलटत नाहीं. विश्रांति ही आज्ञा देऊन येणारी वस्तु नव्हे, हें दोघांनाहि कळूं लागतें.

तेवढ्यांत निरोप येतोच. मुलगी आईला विचारीत आहे. बाई चपला हातांत घेऊन धांवते. खालीं जाऊन पाहते तों मुलगी रडत नसते. तिला आपण काढलेलें चित्र दाखवावयाचें असतें. तें दाखवून झाल्यावर ती म्हणते, “आतां तूं जा.” आई परत वर येते, आणि पहिल्यानेंच खुर्चींत नीट मागें रेलून बसते. मूल सुखरूप आहे हें कानांनीं ऐकून पुरत नाहीं. एकदां डोळ्यांनीं पाहावें लागतें. मूल आईला बोलावूं शकतें आणि आई पांच मिनिटांत पोंचूं शकते, हीच ह्या सगळ्या व्यवस्थेची किल्ली आहे. शहरांत नोकरीवर गेलेल्या आईला ती सोय नसते. जहाज हें लहान गांव असल्यानें येथें ती असते.

दोघें असे बसले असतां त्यांच्या पायांखालीं मोठें कारखान्याचें काम चाललेलें असतें. ‘विश’ जहाज द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालतें. हा वायु उणें १६२ अंशांपर्यंत थंड केला कीं त्याचा द्रव होतो व तो मूळच्या सुमारें सहाशेंव्या हिश्शाएवढ्या जागेंत मावतो. इंजिनें तो जाळून वीज करतात. त्याच विजेवर जहाजाचे पंखे फिरतात, दिवे लागतात, स्वयंपाक होतो. जड तेलाच्या मानानें ह्यांत काजळी व गंधकाचा धूर फारच कमी. मात्र कांहीं वायु न जळतांच धुराड्यावाटे निसटतो, आणि तो मिथेन हवा तापविण्यांत कर्बवायूहून कितीतरी प्रबळ आहे. म्हणून हा उपाय निर्दोष म्हणतां येत नाहीं. पाणीहि असल्या जहाजांवर समुद्रांतूनच करतात. एक रीत अशी कीं, बंद भांड्यांतील हवेचा दाब कमी करून खारें पाणी इंजिनाच्या वायां जाणाऱ्या उष्णतेवर उकळवावयाचें. हिमालयांतील उंच गांवीं डाळ लवकर शिजत नाहीं, कारण तेथें पाणी कमी उष्णतेवरच उकळतें. तेंच तत्त्व येथें उपयोगीं पडतें. वाफ थंड झाली कीं गोडें पाणी मिळतें.

दुपारीं दोघें प्रौढांसाठीं राखलेल्या भोजनगृहांत जेवतात. तेथें जागा आधीं सांगून ठेवावी लागते व पैसेहि निराळे द्यावे लागतात. पांढरा रुमाल मांडीवर घेऊन दोघें समोरासमोर बसतात, आणि मग एक गंमत होते. बोलावयास विषयच सुचत नाहीं. दहा मिनिटें मुलांविषयींच बोलणें होतें. नंतर शांतता. मग नवरा सहज विचारतो, “तुझ्या कचेरींतल्या त्या कामाचें पुढें काय झालें?” तें काम चार महिन्यांपूर्वीं संपलेलें असतें, आणि बायकोनें एका मोठ्या जागेला नकारहि दिलेला असतो, ती जागा घेतली तर मुलांना शाळेंतून आणावयास कोणी उरलें नसतें. नवऱ्याला हें आज कळतें. रागावण्यासारखें कांहीं नसतें, पण घास हातांत राहतो. “मला सांगितलें कां नाहींस?” “केव्हां सांगणार होतें?” ह्या दोन वाक्यांसाठीं ह्या कुटुंबानें एवढा खर्च केला, असें म्हटलें तरी अतिशयोक्ति होणार नाहीं. जेवण लांबतें. पुढच्या वर्षीं रात्रपाळी बदलून मिळेल काय, ह्याचा हिशेब टेबलावरच सुरू होतो.

रात्रीचें जेवण मात्र चौघांचें. ह्या जहाजांवर रोज रात्रीं भोजनगृह बदलतें. मोठीं भोजनगृहें तीन, आणि कुटुंबें पाळीपाळीनें एकांतून दुसऱ्यांत जातात. विशेष हें कीं, वाढपीहि त्या त्या कुटुंबाबरोबरच फिरतात. त्यामुळें दुसऱ्या रात्रीं वाढप्याला ठाऊक असतें कीं मुलीला सॉस निराळ्या वाटींत लागतो. उशिराच्या पंगतीला मुलांना आधीं वाढतात, आणि त्यांचें आटोपलें कीं बालगृहाचीं माणसें येऊन त्यांना घेऊन जातात. आईबाप उरलेलें जेवण सावकाश करतात. बालगृहाकडे निघालेली मुलगी आज मागें वळूनहि पाहत नाहीं, आणि आईला त्याचें बरें वाटतें तसें थोडें वाईटहि वाटतें.

येथें त्या वाढप्याकडे पाहिलें पाहिजे. त्याच्या छातीवरील पट्टीवर नांवाखालीं त्याच्या देशाचें नांव असतें. सहलीच्या जहाजांवर फिलिपाइन्सची, इंडोनेशियाची माणसें पुष्कळ. तशींच भारतांतलीं, आणि त्यांत गोव्याचीं. बोटीवरची नोकरी गोव्याला नवी नाहीं. तेथें खलाशाला तारवटी म्हणतात, आणि मुंबईंतील गोंवेकरांच्या कुडींनीं पिढ्यान्‌पिढ्या बोटीची वाट पाहणाऱ्या तरुणांना निवारा दिला आहे. हीं माणसें कित्येक महिन्यांच्या कराराने घर सोडून राहतात. खलाशांच्या हक्कांचा २००६ सालचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ पासून अंमलांत आला. त्याप्रमाणें कामाच्या तासांनाच मर्यादा घातली, तर ती दिवसांत १४ आणि आठवड्यांत ७२ तासांची असते. एवढी मर्यादा घालण्यासाठीं जगाला करार करावा लागला, ह्यावरूनच कामाचें मान समजावें. २०२० सालीं महामारींत बंदरें बंद झालीं, तेव्हां उतारू घरीं गेल्यावरहि हजारों नोकरमाणसें महिनेच्या महिने जहाजांवरच अडकून पडलीं होतीं.

तेव्हां दुसऱ्याच्या मुलीला सॉसची वाटी निराळी देणारा हा माणूस स्वतःच्या मुलीला फोनच्या पडद्यावरच पाहतो. एका जोडप्याला मिळालेला सबंध दिवस हा अनेक जोडप्यांनीं आपल्या वांट्यांतून तोडून दिलेला असतो. म्हणून तो घेऊं नये, असें नव्हे. त्या पगारावर कोठें घर उभें राहतें, कोठें भावंडांचीं शिक्षणें होतात. पण तो फुकटचा नव्हे, आणि केवळ तिकिटाच्या पैशानें विकत मिळालेलाहि नव्हे, एवढें घेणाऱ्यानें जाणावें.

कॉफी संपते. बायको वाढप्याला त्याच्या मुलांविषयीं विचारते. तो खिशांतून फोन काढून एक छायाचित्र दाखवितो. शाळेच्या गणवेशांतली, दोन वेण्या घातलेली मुलगी. “किती वर्षांची?” “ह्या महिन्यांत सहा पुरीं होतील.” बाई तें छायाचित्र बराच वेळ पाहते. मग घड्याळाकडे पाहून दोघें उठतात, दुसऱ्या मजल्यावर जातात, संकेतशब्द सांगतात. मुलगा जागा असतो. मुलगी झोंपलेली असते. बाप तिला खांद्यावर घेतो, आणि चौघें खोलीकडे चालूं लागतात.