शाळेचा संघ घडतो मंडळाच्या मैदानात

तालुका स्पर्धेचे पत्र आले की शाळाशाळांत खेळाडूंची शोधाशोध सुरू होते. पंधरा दिवसांची घाई, पहिल्याच सामन्यात पराभव आणि दोष मात्र मुलांच्या माथी! हा हिशेब आम्हाला मान्य नाही.

रोज एक तास धरला तर १५ दिवसांचे १५ तास. पण आठवड्यातून ५ दिवस, वर्षाचे ४० आठवडे मंडळात खेळणाऱ्या मुलाचे २०० तास होतात. बाद पद्धतीच्या स्पर्धेत एक सामना हरला की शाळेचे वर्ष संपते. मंडळातला मुलगा मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात असतो व थोरांकडून शिकतो.

कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींनी पेठापेठांत फुटबॉल रुजवला. तिथले पोर शाळेच्या संघात येते ते चेंडूशी मैत्री करूनच. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलकडे वळवले. 'झुंड' हा २०२२ चा चित्रपट त्यांच्याच कार्यावर बेतलेला आहे.

याला दुसरी बाजूही आहे. अमेरिकेत क्लबची फी भारी, त्यामुळे गरिबांची मुले मागे पडतात. २०१२ साली तेथील फुटबॉल महासंघाच्या अकादमीने हंगाम १० महिन्यांचा करून बहुतेक खेळाडूंना शाळेकडून खेळण्यास मनाई केली. शाळांना आपली चांगली मुले गमवावी लागली. ती अकादमी २०२० मध्ये बंद पडली.

म्हणून मंडळ हवे, पण बिनफीचे आणि शाळेशी जोडलेले. मंडळ मुलाला तयार करते. शालेय स्पर्धेचा दरवाजा शाळाच उघडते. दहावीचे क्रीडा गुण असोत की शासकीय नोकरीतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण, तेथे मान्यताप्राप्त स्पर्धेतील कामगिरीच पाहिली जाते. गल्लीतले कौशल्य कागदावर आले नाही तर गरिबाच्या पोराला त्याचा उपयोग काय?

नांदेड, हिंगोली व यवतमाळकडचे रस्ते जोडणाऱ्या आमच्या वारंगा फाट्यासारख्या गावांनी फुटबॉलच धरावा असे नाही. कबड्डी, खो-खोला मोकळी जागा पुरते. सुशिक्षित तरुणांनी संध्याकाळचा एक तास द्यावा. क्रीडाशिक्षकांनी मंडळात येऊन मुले हेरावीत. आणि माता-पित्यांनी मुलाबरोबर मुलीलाही मैदानावर पाठवावे. १४, १७ व १९ वर्षांखालील शालेय स्पर्धा मुलींसाठीही असतात. पत्र येण्याची वाट न पाहता आजच सुरुवात करावी.