बंदूक आणि आत्मघाताची ऊर्मी

अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८,८३० माणसे मृत्युमुखी पडली, आणि वर्तमानपत्रांतील हत्याकांडांच्या वार्तांनी ज्यांचे मन व्यापले आहे त्यांना नवल वाटेल, परंतु त्यांपैकी २६,३२८ मृत्यू आत्महत्येचे होते. आत्मघाताची ऊर्मी बहुधा अल्पकाळच टिकते. त्या अवधीत हाती काय लागते यावर जगणे-मरणे ठरते, कारण इतर अनेक मार्गांनी प्रयत्न करणारी बहुसंख्य माणसे वाचतात, बंदुकीने प्रयत्न करणारा दहांत एखादाच. इस्रायली सैन्याने २००६ मध्ये, आठवडाअखेर घरी जाणाऱ्या जवानांनी रायफल तळावरच ठेवावी, असा हुकूम काढला, आणि तरुण सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या; ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती, इतर वारांचे प्रमाण फारसे बदलले नाही. असे असता, अमेरिकी काँग्रेसने १९९६ साली घातलेल्या अटीमुळे या विषयावरील सरकारी संशोधन दोन दशके जवळजवळ ठप्प राहिले, हे मला अक्षम्य वाटते. रिकामी बंदूक कुलपात, काडतुसे निराळ्या कुलपात, आणि घरातले माणूस खचलेले दिसताच ती काही काळ घराबाहेर हलवावी, अशी तजवीज तेथील डॉक्टर आता रुग्णांच्या कुटुंबीयांना सुचवतात.