‘शक्ती’चा वारसा आणि आजचे फ्यूजन

तबल्याशेजारी कीबोर्ड मांडला आणि परिचित रागावर ड्रमचा ठेका चढविला की फ्यूजन सिद्ध झाले, अशी समजूत आज सर्वत्र रूढ झालेली दिसते. पुण्यातील बिबवेवाडीसारख्या उपनगरातील उत्सवी मांडव असो वा मोठ्या महोत्सवाचा रंगमंच असो, तिला अपवाद फार थोडे. ही समजूत तपासून पाहावयाची, तर पाच दशकांपूर्वीच्या एका ध्वनिमुद्रिकेकडे पुन्हा वळणे इष्ट ठरेल.

५ जुलै १९७५ रोजी अमेरिकेतील लाँग आयलंड येथील एका महाविद्यालयात पाच वादकांची मैफल झाली. तिचे मुद्रण १९७६ मध्ये ‘शक्ती’ या नावाने प्रसिद्ध झाले. गिटारवर जॉन मॅकलॉफ्लिन, व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर मुंबईचे चोवीस वर्षांचे झाकीर हुसेन, घटमवर विनायकराम आणि मृदंगमवर रामनाद राघवन. मॅकलॉफ्लिन हे माइल्स डेव्हिसचे सहकारी आणि ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’चे संस्थापक. विजेच्या गिटारीच्या गर्जनेवर त्यांची कीर्ती उभी होती. ती बाजूस सारून त्यांनी साधी गिटार हाती घेतली. वीणेप्रमाणे मींड काढता यावी म्हणून तिच्या पडद्यांमधील लाकूड खोलगट करविले आणि तरफेच्या सात तारा बसविल्या. त्याआधी ते स्वतः वीणा शिकले होते. मिश्रणापूर्वी अध्ययन, हा क्रम येथे ध्यानात घेण्याजोगा आहे.

या ध्वनिमुद्रिकेला पूर्व-पश्चिमेचा संगम म्हणण्याची प्रथा आहे. ते खरेच आहे; परंतु तीत आणखी एक संगम घडला, त्याकडे आपले पुरेसे लक्ष गेले नाही. उत्तरेचा तबला आणि दक्षिणेचे घटम-मृदंगम एकाच बैठकीत समान अधिकाराने बोलू लागले. महाराष्ट्राला हा व्यवहार सर्वस्वी नवा नव्हता. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नाटकांत कानडी चाली आल्या होत्या. मिरजेस स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी कर्नाटक संगीताचा व्यासंग करून तेथील सरगमचा विचार आपल्या गायकीत मुरविला. तेथेही आधी व्यासंग होता, नंतर मिश्रण.

‘शक्ती’च्या वादनात वेगाचा मोह अधिक, रागाची संथ बढत कमी, असा आक्षेप घेता येईल आणि तो अगदीच निराधार नाही. तिची अखेरची रचना सुमारे एकोणतीस मिनिटांची आहे आणि तीतील लयीची चढाओढ कित्येकदा श्रोत्याला केवळ थक्क करून सोडते. तथापि पाच मिनिटांहूनही लहान असलेली ‘लोटस फीट’ ऐकणाऱ्यास, या वादकांना थांबणेही अवगत होते, हे मान्य करावे लागेल.

१९७७ च्या ‘नॅचरल एलिमेंट्स’नंतर मूळ संच विखुरला, बीज मात्र राहिले. १९९७ मध्ये ‘रिमेंबर शक्ती’ उभी राहिली. तिच्या मुंबईतील मैफलींचे मुद्रण २००१ मध्ये निघाले, त्यात शिवकुमार शर्मा आणि शंकर महादेवनही सहभागी होते. २०२३ च्या ‘धिस मोमेंट’ला पुढील वर्षी ग्रॅमी मिळाले आणि १५ डिसेंबर २०२४ रोजी झाकीर हुसेन निवर्तले.

आता प्रश्न वारशाचा आहे. वाद्यांची जुळवाजुळव कोणालाही करता येते. दुसऱ्याच्या परंपरेपुढे काही काळ विद्यार्थी होऊन बसणे अवघड असते. गावोगावच्या तबला-वर्गांत मृदंगमच्या बोलांचे वर्षभर पाठ दिले गेले आणि गिटार शिकणाऱ्याच्या कानावर एखादा राग नीट पडला, तरी पुष्कळ साधेल. ती तयारी नसेल, तर फ्यूजन हे रियाज टाळण्याचे एक प्रतिष्ठित निमित्त तेवढे उरेल.